संगणक चालू करण्याची रीत : खास सीमाभागासाठी

बटण दाबले की संगणक चालू होतो, असा समज पुण्या-मुंबईकडे आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यात बटणाची पाळी फार नंतर येते. आधी लाईट आहे का ते बघावे. शेजारी पिठाची गिरणी असल्यास तिची मोटर सुरू होताना दिवे मंदावतात. तेवढा वेळ हात आवरावा. एप्रिल-मेमध्ये वळीव कडाडत असेल तर प्लगच काढून ठेवावा, आणि इंटरनेटची वायरही. वीज तिच्यातूनही आत शिरते.

आता बटण दाबा. आधी पॉवर सप्लाय स्वतःला तपासतो आणि व्होल्टेज स्थिरावले की मदरबोर्डला तसे कळवतो. मग प्रोसेसर जागा होतो. त्या क्षणी त्याला काहीएक ठाऊक नसते. कारखान्यात ठरवून दिलेल्या एकाच पत्त्यावर तो जातो, तिथल्या चिपमधला बायोस वाचतो आणि हजेरी घेऊ लागतो: रॅम आहे? डिस्प्ले आहे? कीबोर्ड आहे? कीबोर्ड नसेल तर जुनी यंत्रे गंभीरपणे लिहीत, ‘कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा.’ हा सारा मजकूर इंग्रजीत असतो. कन्नडही नाही, मराठीही नाही. पाट्यांवरून इतके रणकंदन झालेल्या आमच्या मुलखात याबद्दल कुणी निवेदन दिल्याचे मात्र ऐकिवात नाही.

जुन्या यंत्रात एकच बीप वाजली तर ठीक. बीप थांबेचना आणि पडदा काळाच, तर संशय रॅमवर. दुकानात फोन केला की पलीकडून हमखास येते, “रॅम काढून घासा बघू जरा.” हा सल्ला हसण्यावारी नेऊ नये. प्लग काढा, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, बाजूचे झाकण उघडा. दोन्ही टोकांच्या खिट्या मागे सारल्या की पट्टी वर येते. तिच्या कडेच्या सोनेरी दातांवर बेळगावच्या पावसाळी दमटपणाने काळपट थर धरलेला असतो. शाळेतले खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, भुगा ब्रशने झटकावा. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. मग पट्टी ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबावी. निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून ऑफिस असेल तर झाकण उघडण्यापूर्वी नाकाला रुमाल बांधावा. पंख्यावर काय साठले आहे, हे पहिल्याच शिंकेला समजते.

दुसरा संशयित म्हणजे मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी. सीआर 2032 तिचे नाव: वीस मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, तीन व्होल्ट. यंत्र बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती मेली की संगणक तारीख विसरतो आणि बहुधा आपल्या जन्मसालाच्या आसपास जातो. समजा 2009 ला गेला, तर त्याच्या लेखी बेळगावचे बेळगावी अजून झालेलेच नाही. ते झाले 1 नोव्हेंबर 2014 ला. काहींना ही बॅटरी बदलूच नये असे वाटेल. पण चुकलेल्या तारखेमुळे वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रे नाकारली जातात, उताऱ्याचे पान उघडत नाही आणि खिडकीतून ‘सर्व्हर इल्ला’ ऐकून लोक परत जातात. सर्व्हर बिचारा जागेवरच असतो.

हजेरी संपली की डिस्क. जुन्या पद्धतीत पहिल्या 512 बाइटांच्या शेवटी 55 आणि एए अशी खूण लागते. तलाठ्याच्या शिक्क्यासारखी, ती नसली की बाकी कागद कितीही खरे असोत, काम पुढे सरकत नाही. रात्री विसरलेला पेनड्राइव्हही इथेच आडवा येतो. आधी तो काढा, मग रडा.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर यंत्र कुणाचे, हे ग्रब नावाचा प्रोग्राम विचारतो. साधारण दहा सेकंद वाट बघतो, उत्तर न आल्यास स्वतःच निकाल देतो. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचे कागद ग्रबला अद्याप कुणी दाखवलेले नाहीत.

सगळे सुरळीत असूनही यंत्र अडू शकते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून बसवले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. तेव्हा अपडेट चालू असताना बटण दाबून धरू नका, आणि उद्या निविदेची शेवटची तारीख असेल तर आज अपडेटला हात लावू नका.

खंडेनवमीला संगणकाची पूजा अवश्य करावी. मात्र हळद-कुंकू पंख्याच्या जाळीवर वाहू नये, झेंडूची माळ हवेच्या भोकांवर घालू नये, आणि नारळ दुसऱ्या खोलीत फोडावा.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला तर दुकान गाठा. मॉनिटर घरीच ठेवा, फक्त सीपीयू न्या. तिथला पोरगा झाकण उघडण्याआधीच विचारेल, “फॉरमॅट मारू काय?” आत मुलीच्या लग्नाचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब आहेत. आधी डेटा काढून घ्यायला सांगा. तोवर होय म्हणू नका.