कापूस करमुक्त, रील करपात्र

वऱ्हाडात कापसाचा धंदा आता दोन प्रकारे करता येतो. एक, कापूस विकून. दुसरा, कापूस वेचतानाचा व्हिडिओ टाकून. पहिल्या प्रकाराचं 2025 साली काय झालं ते आठवा. ऑगस्टात केंद्राने परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, सप्टेंबरात भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सुरू केली, आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल हा भाव मिळवायला शेतकरी वावरात नेटवर्क शोधत फिरला. त्यातून खरेदी केंद्रावर पोचलाच, तर कापसात 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की गाडी परत. दुसऱ्या प्रकारात ओलाव्याची अट नाही. उलट बापाच्या डोळ्यांत जितका जास्त निघेल, तितके व्ह्यूज वाढतात.

म्हणून दर्यापूर-मूर्तिजापूरच्या पट्ट्यात आज प्रत्येक पारावर एक तरी ‘क्रिएटर’ बसलेला असतो. त्यातला कुठलाही घ्या. पदवी झालेली, भरतीची दोन-तीन वर्षं गेलेली, बाप पाच एकरांत पऱ्हाटी लावणारा. पोट्ट्याने पहिला व्हिडिओ केला सीतादहीचा. पहिल्या वेचणीआधी आई वावरात दहीभात ठेवत होती, आणि हा तिला सांगत होता, ‘माय, थांब, पुन्हा ठेव, उजेड नव्हता.’ वावराने एकाच दिवशी तीनदा दहीभात खाल्ला. पीक तरी तिप्पट यायला हवं होतं.

यूट्यूबचं गणित सरळ आहे: 1,000 सबस्क्राइबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणं झालं की जाहिरातींत वाटा. चार हजार तास म्हणजे एका माणसाने रात्रंदिवस पाहायचं ठरवलं तर साडेपाच महिने. आमच्याकडे सोयरे मोठे, म्हणून जमतं. अकोटची आत्या, कारंज्याचा मामा, बडनेऱ्याचा काका, सगळ्यांना ताकीद गेली. आत्या फोन चालू करून डब्यांच्या फळीवर ठेवते आणि भाकरी टाकते. तिला चॅनेलचं नाव माहीत नाही, पण भाच्याच्या लग्नाचं यावरच अडलंय एवढं माहीत आहे.

पहिले दहा डॉलर जमले की पत्ता तपासायला गूगल टपालाने पिन पाठवतं. जगातली एवढी मोठी कंपनी शेवटी पोस्टमनच्या सायकलवर बसते, याचं मला फार समाधान आहे. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी छापील पाकीट येतं ते बँकेचं. म्हणून बापाने गूगलचंही न फोडता तुळईत खोचून ठेवलं आणि दोन दिवस पोस्टमनला तोंड दाखवलं नाही. पोराचे दहा डॉलर तेवढे दिवस नोटिशीच्या संशयावरून तुळईत लटकले. पुढे पैसे प्रत्यक्ष खात्यात यायला शंभर डॉलर व्हावे लागतात, हे कळल्यावर बाप म्हणाला, ‘म्हंजे चुकारा यंदाबी उधारच.’

इन्स्टाग्रामवाल्यांचं वेगळं. तिथे जाहिरातीचा वाटा बहुतेकांना मिळतच नाही, दुकानदार देईल ते घ्यायचं. त्यामुळे अमरावतीचे निम्मे इन्फ्लुएन्सर नांदगावपेठच्या कापड बाजारात साड्या उलगडतात आणि उरलेले राजकमल चौकाच्या आसपास गिला वडा खाऊन डोळे मिटतात. मोबदला बहुधा तोच वडा. वर्षभरात 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू फुकट मिळाल्या, तर देणाऱ्याने 10 टक्के टीडीएस कापावा असा नियम जुलै 2022 पासून आहे. वड्यांवर ही मर्यादा ओलांडणारा अजून जन्माला यायचाय, आलाच तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यावं लागेल. पैसे किंवा माल घेऊन केलेली शिफारस ‘जाहिरात’ म्हणून स्पष्ट सांगावी, असंही केंद्राने जानेवारी 2023 मध्ये बजावलं, आणि फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. आमचे पोट्टे कायदा पाळतात. व्हिडिओच्या शेवटी सांगतात, ‘आपल्या भावाचंच दुकान हाय.’

एक मात्र मानलं पाहिजे. ज्या वऱ्हाडी बोलीवरून पुण्यात आमच्या दोन पिढ्यांची टिंगल झाली, ती आता बाजारात चालते. भारत गणेशपुऱ्यांनी ती ‘चला हवा येऊ द्या’मधून घरोघरी नेली, टाळेबंदीत वर्ध्याच्या नितेश कराळे गुरुजींनी तिच्यात स्पर्धा परीक्षेचे वर्ग घेतले आणि नोकरी न शोधणारेही ते पाहत बसले. गुरुजी पुढे राजकारणात गेले. अमरावतीच्या ज्या घरांत ‘मले-तुले करू नको’ म्हणून कान पिळले जायचे, तिथे आता बाप इंग्रजी शाळेतल्या लेकीला म्हणतो, ‘बेटा, जरा वऱ्हाडीत बोल, रेकॉर्डिंग सुरू आहे.’

सरकारनेही हा व्यवसाय ओळखला. करनिर्धारण वर्ष 2025-26 च्या विवरणपत्रांत समाजमाध्यमांवर कमावणाऱ्यांसाठी 16021 असा स्वतंत्र कोड आला. गंमत पाहा, शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, पण त्याच पऱ्हाटीच्या व्हिडिओच्या उत्पन्नाला आहे. ज्यात काही उरत नाही ते माफ करण्याचा मोठेपणा सरकारने फार पूर्वी दाखवला होता. आता बोंडाला नाही तर बोंडाच्या फोटोला भाव आहे, हे दिल्लीला आमच्या आधी समजलं.

पोराने हा कोड बापाला कौतुकाने दाखवला. बापाने चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारलं, ‘वावर कोनाचं?’

‘तुमचं.’

‘पऱ्हाटी कोनाची? त्या व्हिडिओत वाकून कोन रायला?’

‘तुमीच, बाबा.’

‘मंग अर्धे पैसे मले पाह्यजे.’

पोराने समजावलं की जाहिरातीच्या शंभरातले पंचेचाळीस यूट्यूब आधीच कापून घेतं, आणि छोट्या शॉर्ट्सवर तर त्याचा वाटा पंचावन्न. बाप बराच वेळ हिशेब करत राहिला. बाजार समितीत त्याने हयात घालवली होती, पण एवढी अडत त्याच्या ऐकण्यात नव्हती.

‘थो कोन होय बे?’ शेवटी त्याने विचारलं. ‘अन् वेचाले कवा येते?’