पडीक, पण मालकीचे

पडक्या वास्तूंचे फोटो काढण्याचा नाद लागलेला माणूस ओळखायला सोपा. चांगल्याचुंगल्या घरी जेवायला बोलावले, तरी त्याची नजर छताच्या ओल आलेल्या कोपऱ्यात. आमचे एक स्नेही या पंथाचे. जपानमधल्या हाशिमा बेटाचे फोटो त्यांच्या पाहण्यात आले आणि गृहस्थ कामातून गेले. तिथली कोळशाची खाण १९७४ साली बंद पडली, काही महिन्यांत सगळी वस्ती उठली आणि काँक्रिटच्या बहुमजली चाळी समुद्रात तशाच उभ्या राहिल्या. ‘आपल्याकडे असं काही का नाही?’ या विचाराने त्यांना झोप येईना. वास्तविक त्यांच्याच सोसायटीच्या जिन्यावर भागले असते, पण घरच्या पडझडीला कोण विचारतो!

अशात कुणीतरी त्यांना सांगितले की मोखाड्याकडे, पोशेऱ्याच्या बाजूला, अख्खे पाडेच्या पाडे ओस पडलेले दिसतात. जानेवारी होता. मनोर, विक्रमगड करत आम्ही निघालो.

वाटेत जव्हारला जयविलास पॅलेस दाखवावा म्हणून मी गाडी थांबवायला लावली. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा हा राजवाडा. १९४८ साली संस्थान विलीन झाले, राजेपण गेले, पण वास्तू ठाकठीक. सिनेमावाले इथे चित्रीकरणाला येतात. स्नेह्यांनी खालपासून घुमटापर्यंत नजर फिरवली आणि लेन्सचे झाकणही काढले नाही. ‘पोपडे कुठायत?’ म्हणाले. राजवाड्याचा इतका अपमान करून आम्ही पुढे निघालो.

पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावर मात्र त्यांचे डोळे भरून आले. ओळीने घरे, सगळी बंद. कारवीचे कूड, त्यावरचे शेणमातीचे लिंपण जागोजागी सुटलेले, सागाच्या मेढी, वर मंगलोरी कौले. एका दाराला कुलूप, दुसऱ्याला नुसतीच दोरी, तिसऱ्यापुढे काट्यांची फांदी. स्नेही कुजबुजत बोलू लागले. मोठ्याने बोलले असते तर शांतता त्यांच्या फोटोत हलली असती. मग ते मातीत पालथे पडले आणि कुलपाचे फोटो काढू लागले.

‘सायेब, काय पडलं?’

मागे एक आजी उभी. सोबत चार शेळ्या. स्नेही कपडे झटकत उठले आणि त्यांनी आदराने विचारले, ‘आजी, ही माणसं कधी सोडून गेली?’

‘दिवाळी झाली की.’

‘कुठल्या सालची?’

‘आत्ताची!’ आजीने आमच्याकडे जरा काळजीने पाहिले. ‘भट्टीवर गेली. पावसाच्या आत येतील.’

शेतीची कामे आटोपली की मोखाडा-जव्हारची कितीतरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. कुणी भिवंडीला, कुणी वाड्याला, कुणी वसईकडे. पोरेबाळे, कोंबड्या, पातेली, सगळे बरोबर. मागे म्हातारी माणसे राहतात. आजीने घरे एकेक करून दाखवली: हे दिराचे, ते भाच्याचे, पलीकडच्यात नांगर आहे, अलीकडच्यात नागलीची कणगी. ज्या दाराला स्नेही ‘काळाने विसरलेले’ म्हणाले होते, त्याची किल्ली आजीच्या कमरेला होती.

स्नेही खचले नाहीत. पाड्याच्या टोकाला चार भिंती होत्या: छप्पर नाही, खिडक्यांना चौकटी नाहीत, आत कमरेइतके गवत. ‘ही तरी सोडलेली ना?’

‘ती पडकी नाही,’ आजी म्हणाली. ‘व्हायचीय अजून.’

आता या नादाला थोर परंपरा आहे, हे मान्य करायला हवे. १८५५ साली कंपनी सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज याला मुंबई इलाख्यातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायला नेमले होते. मेजर रॉबर्ट गिल तर अजिंठ्याला चित्रे उतरवायला आला आणि तिकडचाच झाला. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. त्याची बहुतेक तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली. लेणी आहेत तिथेच आहेत. हे मी स्नेह्यांना धीर म्हणून सांगितले. त्यांना तो टोमणा वाटला.

तेवढ्यात एक तरुण आला. कॅमेरा पाहून त्याने एकच विचारले, ‘घरकुलाचं का?’

आमच्या तोंडून नाही निघेपर्यंत बातमी पाड्यात पोचली होती. त्याचे असे आहे, की प्रधानमंत्री आवास योजनेत घर मंजूर व्हायच्या आधी जुन्या घराचा फोटो लागतो, तोही ठिकाणाच्या नोंदीसह. मग पाया भरला की फोटो, भिंती चढल्या की फोटो, छत घातले की फोटो. तेव्हा पडक्या भिंतीचा फोटो काढणारा माणूस इथे विक्षिप्त ठरत नाही. तो सरकारी ठरतो. रिकामा समजलेला पाडा बघता बघता भरला. जो तो आपल्या घरातली सर्वांत वाईट भिंत दाखवायला नेऊ लागला. ‘इकडून काढा, इकडून जास्त पडलंय.’ एका म्हाताऱ्याने आपल्या फोटोत कौले फार नीट आली म्हणून तो पुन्हा काढायला लावला. आयुष्यभर पोपड्यांच्या शोधात फिरलेल्या माणसाला पोपडे हात धरून ओढत होते, आणि प्रत्येकापुढे मालक ताठ उभा, आधार कार्ड छातीशी धरून!

‘फोटोत माणूस नको हो,’ स्नेही विनवत होते.

‘माणसाबिगर मंजूर कसं होईल?’ तरुणाने विचारले. त्याचा मुद्दा बिनतोड होता. त्याचा भाऊ त्या वेळी भिवंडीकडे दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडत होता, आणि घरी मागणी होती ती २५ चौरस मीटरच्या एका पक्क्या घराची.

तेव्हा वाचकहो, दिवाळीनंतर कॅमेरा घेऊन त्या बाजूला गेलात, तर कुलपाचा फोटो काढण्याआधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. आणि आपण पंचायत समितीकडून आलेलो नाही, हे गाडीतून उतरतानाच, मोठ्याने सांगा.