सोयरीक अ‍ॅक्सलची

अमेरिकेत टोयोटाने १९८६च्या फोर-बाय-फोर पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं आणि प्रवाशांची हाडं सुखावली. दगडधोंडे तुडवणाऱ्या हौशी मंडळींना नेमकं हेच खटकलं. त्यांना १९७९ ते ८५च्या ट्रकखालचाच अखंड अ‍ॅक्सल हवा. म्हणजे कंपनीने दिलेला आराम पदरचे पैसे मोजून परत करायचा!

मग भंगारात असा अ‍ॅक्सल देणारा ‘डोनर’ ट्रक शोधणं आलं, आणि ते लग्न जमवण्याइतकंच किचकट. फोर्डचा अ‍ॅक्सल घ्यावा, तर टोयोटाचा पुढचा डिफरन्शियल उजवीकडे, फोर्डचा डावीकडे. इथेच पत्रिका जुळत नाही. गिअर रेशो मागे ४.१० आणि पुढे ४.३० असेल, तर फोर-व्हील टाकताच दोघांची ओढाताण सुरू. शिवाय जुना अ‍ॅक्सल अंगाने बारीक, त्यामुळे पुढची चाकं मागच्यांपेक्षा आत.

विकणारा म्हणतो, ‘एकदम टिपटॉप!’ जाऊन बघावं तर नकलच्या सीलमधून तेल आणि ग्रीसचा काळा काला ओघळतोय. आणि अ‍ॅक्सलसोबत लागणाऱ्या स्प्रिंगा, शॅकल, ड्रॅग लिंक? ती गेल्याच आठवड्यात दुसरा कुणी घेऊन गेला. त्याला म्हणे अ‍ॅक्सल मिळत नाहीये.