कंबर आणि करंट

पनवेलमध्ये कंबर धरली की पहिला आरोपी ठरलेला असतो, शीव-पनवेल महामार्ग. मुंबई-गोवा महामार्ग सहआरोपी. कंबरेचं दुखणं आपल्याला कुणीतरी दिलेलं असावं लागतं, आणि ते बरंही दुसऱ्या कुणीतरीच करावं लागतं. यातला पहिला भागच डळमळीत आहे. फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्या भावांच्या ४५ जोड्यांचा अभ्यास २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रत्येक जोडीत एका भावाने दुसऱ्यापेक्षा पोटासाठी कितीतरी जास्त गाडी चालवलेली. एमआरआयमध्ये दोघांच्या मणक्यांच्या गाद्यांची झीज सारखीच निघाली. याच जुळ्यांना वर्षभर पनवेलजवळच्या खड्ड्यांच्या कळंबोली सर्कलवरून न्या, मग बोलू, असं कुणी म्हटलं तर मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण तोवर खड्ड्यांना संशयाचा फायदा द्यावा लागेल.

'अहो, पण एमआरआयच्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलंय' हा पुढचा आक्षेप. रिपोर्ट खरा असतो, त्यावरून काढलेला अर्थ कच्चा असतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर ६४ टक्के लोकांच्या गादीत काही ना काही दोष सापडला. म्हणजे 'एल फोर-एल फाइव्ह' या कंबरेच्या मणक्यांमधल्या गादीत दोष असलेली बरीच माणसं लग्नाच्या वरातीत नाचत असतात, फक्त त्यांना कुणी ते कळवलेलं नसतं. शिवाय बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवून टाकतं.

आता उपचार. टॉवेलात गुंडाळलेली गरम पिशवी कंबरेखाली, मग चार पॅड लावून करंट, मग छातीला आणि कमरेला पट्टे बांधून ट्रॅक्शन. यंत्र ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं, पेशंट घोरतो. ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ साली या दुखण्यासाठी ट्रॅक्शन, असा करंट, अल्ट्रासाउंड, काहीच देऊ नका असं सांगितलं आणि व्यायामाला पसंती दिली. 'पण मला फरक पडला ना!' पडला असेलच. दुखणं शिगेला पोचल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि तिथून ते बहुधा उतरतंच. ते उतरत असताना जे यंत्र चालू असेल त्याच्या नावावर यश जमा होतं. शेकाने बरं वाटतं हे मात्र खरं, पण तेवढं सुख घरची रबरी पिशवीही देते.

व्यायामाचं दुर्दैव असं की तो स्वतः करावा लागतो. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे एक पेशंट डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ थांबली. त्यावरून पालथं पडून हातांवर छाती उचलण्याचा व्यायाम जगभर गेला. (भुजंगासनाची आठवण करून देणारे काका प्रत्येक दवाखान्यात असतातच.) पायातलं दुखणं वर सरकून कंबरेत आलं तर ते सुधारणेचं लक्षण, हेही मॅकेन्झीचंच निरीक्षण. व्यायामानेही फायदा बेताचाच होतो आणि अमुकच प्रकार श्रेष्ठ असं फारसं सिद्ध झालेलं नाही, हा आक्षेप मात्र बिनशर्त मान्य. म्हणूनच जो प्रकार तुम्ही सहा महिने टिकवाल, तो चांगला. 'वेळ कुठाय?' याला फिजिओ सांगतात, निदान लोकलमध्ये मध्येच उठून उभे राहा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे, पण देणारा हार्बर लाइनचा दिसत नाही. पनवेलला पकडलेली खिडकी मानखुर्दला सोडणारा माणूस डिस्कच्या नव्हे, वेगळ्या डॉक्टरांकडे न्यावा लागेल. त्यापेक्षा घरची चटई सोपी.

फक्त एक अपवाद आहे आणि तिथे चेष्टा नको. लघवीवरचा ताबा गेला, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर चटई नाही आणि करंटही नाही, त्याच दिवशी थेट मोठं हॉस्पिटल. पॅकेजमधली उरलेली सिटिंग आधी वसूल करून मग जाऊ, हा विचार तेवढा करू नये.