भाजणी संपली

आप्पांच्या दुकानातली थालीपिठाची भाजणी सकाळी साडेअकराला संपते. रोज. मग ते ‘भाजणी संपली’ अशी पाटी लावतात. पाटी पत्र्याची आहे, पेंटरकडून रंगवून घेतलेली. म्हणजे संपणं हा अपघात नाही, धोरण आहे.

“थोडी जास्त का भाजत नाही?” असं कुणी विचारलं की आप्पा म्हणतात, “आणि उरली म्हणजे?” चाळीस वर्षांत ती एकदाही उरलेली नाही.

पुतण्याने एकदा मुद्रा कर्जाचा कागद आणला. तारण लागत नाही, 50 हजारांपर्यंत ‘शिशु’, 5 लाखांपर्यंत ‘किशोर’, त्यापुढे ‘तरुण’, असं त्याने समजावलं. मोठी गिरणी घेऊ, कोथरूडला शाखा काढू. आप्पांनी चष्मा पुसला. “मला बहात्तरावं चालू आहे. यातला मी कोण?” विषय मिटला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर त्यांचं दैवत; फोटो गल्ल्यावर, लक्ष्मीशेजारी. लक्ष्मणरावांचे पहिले लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली, हे आप्पा हात हलवत परतणाऱ्या गिऱ्हाइकाला हटकून ऐकवतात. “केली का त्यांनी घाई?” तेच लक्ष्मणराव 1910 साली कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना थाटायला गेले, हे मात्र ते सांगत नाहीत. त्यांच्याकडच्या चरित्राच्या प्रतीतली ती पानं बहुधा चिकटलेली असावीत.

बँकेला भिणारा हा माणूस उधारी मात्र तोंड बघून देतो. वहीत एक खातं नुसतं ‘निळी स्कूटर’ या नावाने आहे. बाकी 1,140 रुपये. स्कूटर दोन वर्षांत फिरकलेली नाही. “माणूस चांगला आहे हो,” आप्पा म्हणतात.

आणि हे दुकान तरी कसं निघालं? पेन्शनची सरकारी नोकरी सोडून, काकूंच्या पाटल्या मोडून. “त्यात कसला आलाय धोका?” ते मला म्हणाले. “तेव्हा माझ्याकडे घालवायला होतं काय?” आत भांडं जरा जोरातच आपटलं.

भाजणीचं प्रमाण कुठेही लिहिलेलं नाही. कागद चोरीला जातो. गेल्या पावसाळ्यात आप्पांना डेंग्यू झाला आणि दुकानाला बारा दिवस कुलूप लागलं. पुतण्या दवाखान्यात वही घेऊन उशाशी बसला.

“आप्पा, धणे किती?”

“मूठभर.”

“कुणाची मूठ?”

आप्पांनी सलाईन लावलेला हात पांघरुणातून बाहेर काढला आणि मूठ वळून दाखवली.