दोस्तांचा गानवृंद कसा काढावा

प्रथम कॉलेज निवडावे. केंब्रिजचे किंग्ज कॉलेज उत्तम. तिथल्या चॅपलच्या कॉयरमधल्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना जवळजवळ रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला गावेच लागते. त्यामुळे तालमीला कोण आला, कोण झोपून राहिला, ही भांडणे परस्पर देवाच्या खात्यावर जातात. १९६० च्या दशकात तिथल्या सहाजणांनी याच आयत्या रियाजावर ‘किंग्ज सिंगर्स’ हा वाद्यांवाचून गाणारा वृंद उभा केला. चॅपल नसल्यास कँटीन घ्यावे.

नावावर फार वेळ घालवू नये. या मंडळींनी सुरुवातीला एक लांबलचक लॅटिन नाव घेतले होते. १ मे १९६८ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये ते सुटसुटीत नावाने गायले आणि निवेदकांची सुटका झाली.

आता आवाजांची वाटणी. दोन काउंटरटेनर, एक टेनर, दोन बॅरिटोन, एक बास. काउंटरटेनर म्हणजे दाढीमिशा आलेल्या पुरुषाने बायकांच्या पट्टीत गायचे. हे काम ज्याला चेष्टा सहन होते त्याला द्यावे. खरी पंचाईत वेगळीच आहे. आपले गाणे एकट्याच्या गळ्याचे; मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्यसुद्धा संधी मिळताच एखादी तान मारून घेतो. इथे मात्र चाल एकाकडे, आणि उरलेल्यांच्या वाट्याला ‘डूम डूम’. कित्येकदा शब्दही नाहीत. कार्यक्रमानंतर आई म्हणाली, ‘तुझा आवाज काही वेगळा ऐकू आला नाही रे,’ तर खुशाल पेढे वाटावेत.

सूर लावायला पेटी आणू नये. पियानोवरचा किंवा बाजारातल्या पेटीवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका अर्धस्वराचे सेंट १००. तानपुऱ्याच्या खरजातून स्वयंभू गंधार ज्याने ऐकलाय, त्याला हे वेगळे सांगायला नको. कॉर्डमधला गंधार नेमका त्या जागी उतरवला की सहा गळे एकमेकांत विरघळतात आणि खोली घुमायला लागते. या एका क्षणासाठी बाकीचा सगळा उपद्व्याप सोसावा, असे माझे मत.

वाद्य नसल्यामुळे पट्टी मात्र हळूच घसरते. काळी दोनमध्ये सुरू केलेले गाणे पांढरी दोनवर येऊन संपते. दोषी शोधत बसू नये. सगळे मिळूनच उतरतात, म्हणून आतल्या कोणाला पत्ता लागत नाही. तो लागतो पहिल्या रांगेतल्या निवृत्त संगीतशिक्षकांना.

राहता राहिली मैत्री. ती वृंद काढायला लागते, चालवायला तिचा फारसा उपयोग नाही. मूळ सहांपैकी शेवटचे दोघे, सायमन कॅरिंग्टन आणि अ‍ॅलिस्टर ह्यूम, १९९३ मध्ये बाहेर पडले. किंग्ज सिंगर्स चालूच आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मुलांनी १९९६ मध्ये ‘पेन मसाला’ काढला. हिंदी आणि इंग्रजी गाणी ते वाद्यांवाचून गातात. तिथे तर पदवी मिळाली की जागा रिकामी करायची, मग ऑडिशन, मग नवी पोरे. म्हणून प्रत्येकाचा भाग पहिल्या दिवसापासून स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावा. कागदाच्या डोक्यावर ‘आपला पक्या’ असे लिहू नये. ‘दुसरा बॅरिटोन’ एवढे पुरे.