दिव्यावर उपचार

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की आपल्याकडे इंजिनाआधी दिव्यावर उपचार होतात. पारंपरिक उपाय असा: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, चहा घ्यायचा, वायर परत लावायची. दिवा गेला! सोबत डॅशबोर्डवरचं घड्याळही मागे गेलं, पण ते किरकोळ.

सुशिक्षितांचा मार्ग वेगळा. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात ब्लूटूथ स्कॅनर खोचायचा आणि मोबाइलवर ‘पी०४२०’ उमटलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या अवयवाविषयी सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्याख्यान झोडायचं. मग ‘क्लिअर’ दाबायचं. कोड पुसला म्हणजे बिघाड पुसला, अशी श्रद्धा. गाडीचा संगणक मात्र नास्तिक. तो पुन्हा तपासण्या करतो आणि तोच दोष सापडला की दिवा परत पेटवतो.

उरते काळी इन्सुलेशन टेप. (बेतानं चिकटवावी, जवळच ऑइलचा लाल दिवा असतो आणि तो झाकला तर पुढची सूचना इंजिन स्वतःच देतं.) टेपमागे पिवळा दिवा लुकलुकतोय, म्हणजे मिसफायरनं कन्व्हर्टर भाजून निघतोय, हे कळायची सोय उरत नाही.

मग गॅरेज. मेकॅनिक टेप सोलतो आणि आपण शपथेवर सांगतो, “आत्ताच लागला हो, येताना.”